उड्डाण पुढे ढकललं तो आठवडा

नागपूरजवळ कन्हानला, आमच्या घरात रॉकेटचं वेड शिरलं ते करुणाताईमुळे. ती माझी मोठी बहीण, आईची करू. घर म्हणजे दोन खोल्या, मागे पत्र्याचं स्वयंपाकघर आणि समोर बाबांचा ऑटो उभा राहील एवढं अंगण. कोळशाच्या मालगाड्या नदीच्या पुलावरून जायला लागल्या की फळीवरची भांडी बारीक किणकिणायची आणि गाडी निघून गेली तरी थोडा वेळ किणकिणत राहायची. पहाटे आई भाकरी थापायची, मग बाबांचा ऑटो दोन-तीनदा कण्हून सुरू व्हायचा, आणि या सगळ्यात ताईच्या फोनवर कोणीतरी इंग्रजीत हळू आवाजात बोलत असायचं. कुठल्याशा इंजिनाची चाचणी झाली, अमका भाग तमक्या भागाला जोडला, अशा बातम्या. ती वेणी घालता घालता ऐकायची. आई म्हणायची, लोकाईच्या पोरी सकाळी भीमगीतं लावतात, हिचं आपलं वेगळंच.

ताईनं कामठीच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बीएस्सी केलं होतं. एमएस्सीला नंबर लागला त्याच वर्षी बाबांच्या पाठीचं दुखणं निघालं. कामठी ते कन्हान, कन्हान ते नागपूर, सवारी कोंबून ऑटो चालवताना कमरेची चकती सरकली आणि बाबा वर्षभर खाटेवर पडून होते. ताई मग कंपनीत लागली. कंपनी म्हणजे बारूद बनवायचा कारखाना, नागपूर शहराच्या पार पलीकडे, झाडीत. तिथं बायका-पोरीच जास्त होत्या, कारण म्हणे त्यांचे हात हलके असतात. कामठीच्या चौकातून कंपनीची बस जायची. तिथं मोबाइल चालत नसे, काडेपेटी चालत नसे, केसात लोखंडी पिन चालत नसे, बांगडी चालत नसे. ताई सकाळी निघताना सुती कपडे घालून, चिंधीनं केस बांधून निघायची. आईला तिच्या मोकळ्या मनगटांचं फार वाईट वाटायचं.

"भुंडे हात बरे दिसत नाही वं पोरीच्या जातीले," ती म्हणायची.

"तिथं ठिणगी पडली तर हातच राहणार नाही आई, मग बांगड्या कुठं घालू?" ताई हसून म्हणायची आणि आई तिच्या पाठीत धपाटा घालायची. तेव्हा अशा बोलण्यावर आम्ही सगळेच हसायचो.

बारुदीच्या भुकटीनं तिच्या तळहातांना पिवळट झाक आली होती. आई बेसन आणि लिंबू लावून घासायची, तरी ती जायची नाही. संध्याकाळी आल्यावर ताईचं डोकं दुखायचं. ती ओट्याजवळ भिंतीला टेकून बसायची, आई तिच्यासमोर गरम भाकर, लाखोळीची डाळ आणि जवसाची चटणी ठेवायची. दोन घास गेले की तिचा चेहरा हळूहळू परत यायचा. मग ती फोन उघडायची.

त्या दिवसांत आपल्या देशाचं सगळ्यात जड ओझं नेणारं नवं रॉकेट पहिल्यांदा उडणार होतं. आज कोणाला त्याचं काही वाटणार नाही. माझ्या नातीला मी सांगायला गेलो तर ती म्हणाली, आबा, त्याच्यात काय, रॉकेट तर रोजच उडतात. पण आमच्यासाठी तेव्हा ते घरातल्या लग्नासारखं होतं. ताई रॉकेटवेड्यांच्या एका व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये होती. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, पार भिलाईपर्यंतचे लोक त्यात होते. कोणी बँकेत, कोणी दुकानात, एक जण होमिओपॅथीचा डॉक्टर. कोणी कोणाला पाहिलेलं नव्हतं. दक्षिणेतल्या किनाऱ्यावर, उड्डाणतळाच्या जवळच्या गावात एक चहावाला होता, तोही ग्रुपमध्ये होता. तो खाडीच्या काठावरून मोबाइल हलवत हलवत व्हिडिओ काढून टाकायचा. त्यात दूरवर पाण्यापलीकडे काड्यांसारखे मनोरे दिसायचे आणि त्यांच्यामध्ये पांढरं काहीतरी. तो पांढरा ठिपका बघायला आम्ही रविवारी एकत्र जमायचो.

आम्ही म्हणजे ताई, मी आणि मुश्ताक. मुश्ताक माझा कामठीचा वर्गमित्र. त्याच्या अब्बांचे पॉवरलूम होते, त्या खटखटीत वाढल्यामुळे तो साधं बोलणंही ओरडूनच बोलायचा. रॉकेटची चित्रं मात्र तो इतकी नाजूक काढायचा की एकेक नळी मोजून घ्यावी. रविवारी तो सायकलवरून पूल ओलांडून यायचा, ताई पोहे करायची, वर चण्याची लाल तर्री, आणि आम्ही तिघं एका फोनवर डोकी घालून बसायचो.

ज्या दिवशी ते रॉकेट जुळणीच्या इमारतीतून बाहेर काढून उभंच्या उभं रुळांवरून तळावर नेलं, तो दिवस मला अजून आठवतो. ते इतकं हळू सरकत होतं की व्हिडिओ अडकला आहे असंच वाटावं.

"काय पाहून राहिले वं तुम्ही मघापासून?" आई पदराला हात पुसत आली. "हालून तर राहिलं नाही ते."

"हालून राहिलं आई. त्या खांबाकडे पाह्य. मघा खांब दिसत होता, आता झाकला."

आई खाली बसली. तिनं बराच वेळ खांबाकडे पाहिलं. मग म्हणाली, "बाप्पा! हो वं. सरकलं." आणि तिथंच बसून राहिली. आत डाळ करपली तेव्हा उठली.

बाबा दारातून म्हणाले, "एवढं जड वरतं जाईन कसं पण?"

"जाते बाबा. खालून तेवढा जोर लावला की जाते."

"माह्या ऑटोत सहा सवाऱ्या बसल्या तं चढ चढत नाही."

मुश्ताक ओरडला, "काका, तुमच्या ऑटोले बाजूनं दोन बूस्टर लावून देतो!" आणि बाबा इतके हसले की त्यांच्या कमरेत कळ आली.

आईला या सगळ्यात ओढलं ते ताईच्या एका वाक्यानं. कंपनीत लागली तेव्हाच तिनं घरी सांगितलं होतं, आमच्याकडून रॉकेटचा माल जातो, ते पेटवायला लागतं ते आम्ही बनवतो. आईची रात्रीची झोप त्या एका वाक्यावर चालायची. बारूद म्हटलं की ती विषय बदलायची. रॉकेट म्हटलं की ती नळावर चार बायकांत मान वर करून सांगायची, माही करू रॉकेटात आहे. म्हणून ते रॉकेट आमच्या घरात नुसतं गमतीचं नव्हतं. ते उडालं की ताईच्या कामालाही अर्थ येणार होता, त्या पिवळ्या हातांना, त्या डोकेदुखीला.

उड्डाण प्रत्यक्ष बघायची सोय होती. तळापासून दूर, लोकांना बसायला पायऱ्या बांधल्या होत्या, आधी नाव नोंदवावं लागायचं. ताईनं आम्हा तिघांची नावं नोंदवली. दक्षिणेकडे जाणारी गाडी नागपूरवरूनच जाते. तिकिटं काढली, ती सुरुवातीला वेटिंगमध्ये होती, मग पक्की झाली. आईचा विरोध होता. लग्नाची पोरगी, एवढ्या दूर, दोन पोट्ट्यांसोबत. बाबांनी तो मोडला. ते खाटेवरून एवढंच म्हणाले, "वर्षभर मी पडून होतो तं तिनं घर ओढलं. दोन दिवस जाऊ दे तिले." दुसऱ्या दिवशी ती ताईला घेऊन गांधीबागेत गेली आणि प्रवासासाठी तिच्या मनासारखं, मोरपंखी रंगाचं सुती कापड घेऊन आली. शिवून झालेला तो ड्रेस ताईनं घालून दाखवला तेव्हा तिनं दोन्ही हातांत आईच्या काचेच्या बांगड्या घातल्या होत्या. आम्हाला ती कोणीतरी दुसरीच वाटली.

निघायच्या आदल्या दिवशी सकाळपासून घरात तळणाचा वास होता. आईनं तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, सांभारवडी केली, मुश्ताकसाठी वेगळा डबा बांधला. संध्याकाळी मुश्ताक पाठीला बॅग लावून आला. तो आमच्याकडेच झोपणार होता, बाबा पहाटे तिघांना नागपूरला स्टेशनवर सोडणार होते. ताईनं रजा मंजूर करून घेतली होती. आम्ही अंगणात बसलो होतो. ताईचा फोन वाजला, मग परत वाजला, मग वाजतच राहिला. ग्रुपवर एकामागून एक निरोप येत होते. इंधन भरून तालीम करताना कुठल्याशा झडपेतून गळती झाली होती. उड्डाण पुढे ढकललं होतं. नवीन तारीख नंतर कळवणार होते.

मुश्ताकनं बॅग खाली टाकली आणि कोणाला तरी ठेवणीतली शिवी दिली. मला रडू येत होतं. ताईचं तोंडही उतरलं, पण क्षणभरच.

"गळती आत्ताच सापडली ते बरं झालं," ती म्हणाली. "वर गेल्यावर गळलं असतं तं? थांबू ना गा. एवढे दिवस थांबलो, अजून थांबू."

"मग उद्या काय करशीन?" आईनं विचारलं.

"कामावर जाईन."

"सुट्टी घेतली ना तुनं? राह्य ना घरी. आराम कर."

"घरी बसून सुट्टी कायले वाया घालवू? आता नाही घेतली तं पुढची तारीख आली की मागता येईन. दोनदा कोण देते?"

यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. मी आयुष्यभर हा हिशेब पुन्हा पुन्हा मांडून पाहिला आहे आणि दर वेळी मलाही तेच उत्तर मिळतं. तिच्या जागी कोणीही तेच केलं असतं. तिनं सुपरवायझरला फोन केला, रजा रद्द केली. रात्री आम्ही प्रवासाचं जेवण घरीच बसून जेवलो. उरलेल्या पुऱ्या ताईनं सकाळच्या डब्यात भरून घेतल्या.

सकाळी बाबांनी तिला नेहमीसारखं कामठीच्या चौकात बसपर्यंत सोडलं. वाटेत ती काय बोलली ते बाबांनी पुढे कितीतरी लोकांना सांगितलं, कारण लोक विचारायचे. ती म्हणाली होती, "बाबा, मागच्या चाकात हवा कमी वाटते." बस. एवढंच. लोकांना वाटायचं काहीतरी वेगळं, मनात धरून ठेवावं असं बोलली असेल. बाबा मान हलवायचे आणि चाकाचंच सांगायचे.

दुपारच्या आत बातमी आली. मी आणि मुश्ताक घरीच होतो. बाबांच्या ऑटोत बसलेल्या एका सवारीच्या फोनवर कोणीतरी सांगत होतं, अमक्या कंपनीत स्फोट झाला, आवाज पार दूरच्या गावांपर्यंत गेला. बाबांनी सगळ्या सवाऱ्या रस्त्यात उतरवल्या आणि घरी आले. दारातच उभे राहिले. आई म्हणाली, "काय झालं? बोला ना. काहून असे उभे राहिले?"

बाबांनी कंपनीचं नाव घेतलं तसा मी ताईचा नंबर लावला. रिंग गेली.

ती रिंग गेली नसती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. आईनं फोन माझ्या हातातून ओढून कानाला लावला. "वाजून राहिला," ती म्हणाली. "वाजून राहिला म्हणजे आहे ती. फोन वाजते म्हणजे माणूस आहे ना." पूर्ण वाटेत, कन्हानहून शहर ओलांडून त्या झाडीतल्या फाटकापर्यंत, आई ऑटोत मागे बसून तो नंबर लावत राहिली. कोणी उचलत नव्हतं, पण वाजत होता. आई दर वेळी म्हणायची, "वाजते वं, वाजते." मुश्ताक माझ्या बाजूला बसला होता. त्यानं माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. आम्हाला दोघांनाही माहीत होतं की कंपनीत फोन आत नेऊ देत नाहीत. फाटकाजवळच्या खोलीत कप्पे असतात, तिथं ठेवून जावं लागतं. आईलाही माहीत होतं. ताईनं कितीतरी वेळा सांगितलं होतं.

फाटकाबाहेर गावंच्या गावं जमली होती. आत धूर होता, पण फारसा नाही. जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. झाडांवर पानं उरली नव्हती. पोलिसांनी दोर बांधला होता. एकेका बाईचा नवरा, बाप, भाऊ दोरापाशी जाऊन नाव सांगायचा आणि आतला माणूस म्हणायचा, थांबा, माहिती घेतो. तो परत यायचा नाही. फाटकाजवळच्या त्या खोलीची खिडकी फुटली होती आणि आतून फोन वाजल्याचे आवाज येत होते. एक नाही, खूप. वेगवेगळी गाणी, वेगवेगळ्या घंट्या, एक बंद झाली की दुसरी. कोणीतरी बाहेर उभं राहून नंबर लावत होतं आणि आत ते वाजत होतं. आईनं कानाचा फोन खाली घेतला. तिनं खिडकीकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे पाहिलं, आणि तो बंद करून मला परत दिला.

पुढचं मी थोडक्यात लिहितो, कारण लांबवायची ताकद या वयातही नाही. ज्या शेडमध्ये ताई होती तिथून ओळखू येईल असं काही निघालं नाही. ओळख पटवायला आईचं आणि बाबांचं रक्त घेतलं. आम्ही सरकारी दवाखान्याच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली बसून राहायचो, रोज जायचो, रोज परत यायचो. शेवटी एक बांधलेली पेटी मिळाली. ती उघडू नका असं सांगितलं होतं. उचलली तर ती फार हलकी होती. नदीकाठी भंतेंनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. मुश्ताकचे अब्बा लूम बंद ठेवून आले होते. ते शेवटपर्यंत उन्हात उभे राहिले.

ताईचा फोन मात्र धडधाकट परत आला. त्यावर ग्रुपचे निरोप साचले होते. पहिले दोन दिवस सगळे गळतीबद्दल बोलत होते, झडप कोणती, दुरुस्तीला किती दिवस लागतील. भिलाईच्या डॉक्टरनं लिहिलं होतं, करुणाताई, तुम्ही गप्प कशा? चहावाल्यानं मोडक्या हिंदीत लिहिलं होतं, दीदी, आपके लिए अच्छी जगह देख के रखी है. मग मुश्ताकनं त्याच फोनवरून ग्रुपवर एका ओळीत कळवलं.

महिनाभरानं रेखा आली. ती ताईसोबत त्याच शेडमध्ये काम करायची. त्या दिवशी तिचं पोरगं तापानं फणफणलं होतं म्हणून घरी राहिली आणि वाचली. येताना तिनं डाळिंबं आणली होती, दवाखान्यात आणतात तशी. आईजवळ बसून खूप रडली. आई आत चहा ठेवायला गेली तेव्हा मी तिला विचारलं. का विचारलं ठाऊक नाही. मला बहुतेक काहीतरी धरायला हवं होतं.

"रेखाताई, तुमचा माल त्या रॉकेटात जाते ना? जे आता उडणार आहे त्याच्यात?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "कायचं रॉकेट गा? खदानीचा माल होता तो. गोटे फोडाचा. कोळशाच्या खदानीत जाते, रस्त्याच्या कामाले जाते."

"पण ताई म्हणत होती..."

"तिले माहीत होतं ना. तिनं मलेही सांगून ठेवलं होतं, कधी घरी आली तं आईसमोर रॉकेटच म्हणजो. खदानीचा माल म्हटलं तं आई पाठवणार नाही म्हणे." रेखानं पदर तोंडाला लावला. "जेवताना आम्हाले भल्लं समजावून सांगायची ते रॉकेट. आम्ही हसायचो. मी म्हणो, करुणा, तुले त्याचं काय पडलं वं एवढं? तं म्हणायची, तिकडे कोणीतरी हेच काम करून राहिलं असंन ना, चांगल्या कामासाठी. आपण त्याईचंच पाहून घ्यावं."

आई चहा घेऊन आली. "काय बोलून राहिले?" तिनं विचारलं.

"रॉकेटचंच," रेखा म्हणाली.

मी आईला कधीच सांगितलं नाही. ती गेली तेव्हाही तिला हेच माहीत होतं की तिची लेक रॉकेटच्या कामात गेली. कधी कधी वाटतं, तिलाही सगळं ठाऊक असावं. आमच्या घरी कोणीच कोणाला सांगत नव्हतं.

नवीन तारीख आली, परत पुढे गेली, परत आली. मुश्ताकनं आणि मी कुठेही जायचं म्हटलं नाही. तो रविवारी यायचा, दारात बसायचा, परत जायचा. चित्रं काढणं त्यानं सोडलं. पुढे तो अब्बांच्या लूमवर बसला आणि लूमही काही वर्षांनी भंगारात गेले. मी शाळेत गणित शिकवलं. विज्ञानाचा वर्ग मिळत होता, तो घेतला नाही.

शेवटी उड्डाणाचा दिवस आला तो रविवार होता. घरात कोणी त्याचं नाव काढलं नव्हतं. मुश्ताक येऊन उंबऱ्यावर बसला. आई आतल्या खोलीत खाली बसून डाळ निवडत होती. बाबा खाटेवर होते. ते अचानक म्हणाले, "लाव ना गा टीव्ही."

मी लावला. तळ, मनोरे, पांढरं उंच रॉकेट, बाजूला जाड बूस्टर. इतक्या जवळून आणि इतकं स्थिर आम्ही ते कधी पाहिलं नव्हतं. आम्हाला चहावाल्याच्या हलत्या हाताची सवय होती. मोठ्या दालनात ओळीनं माणसं बसली होती, त्यात कितीतरी बायका होत्या, साड्या नेसलेल्या, केसात गजरे माळलेल्या. उलटे आकडे सुरू झाले. बाबा कोपरावर उठून बसले. खाली आधी उजेड झाला, मग धूर, आणि ते सगळं ओझं घेऊन रॉकेट वर निघालं. कुठेही गळलं नाही, कुठेही अडलं नाही. ताईनं समजावून सांगितलं होतं तसंच, त्याच क्रमानं, मधलं इंजिन पेटलं, बाजूचे बूस्टर सुटले. दालनातली माणसं उठून टाळ्या वाजवू लागली, एकमेकांच्या गळ्यात पडली. मुश्ताकनं गुडघ्यात डोकं घातलं होतं, त्याचे खांदे हलत होते.

"गेलं का?" आईनं आतून विचारलं.

"गेलं," बाबा म्हणाले.

"बरं."

ती परत डाळ निवडू लागली. मला तिच्या बोटांचा आवाज ऐकू येत होता. मी टीव्ही बंद करायला उठलो तेवढ्यात गल्लीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला. मग दुसरा. मग लडी लागली. पोट्ट्यांनी दिवाळीचे उरलेले फटाके आणले होते, कोणीतरी झेंडा आणला होता, सगळे ओरडत होते. आत ताट पडल्याचा आवाज आला. आई आमच्या मधून, कोणाकडे न बघता, अनवाणी बाहेर धावली. अंगण ओलांडून, गल्ली ओलांडून, ती मोठ्या रस्त्याकडे पळत होती, कामठीच्या बाजूला, आणि ओरडत होती, "करू! करू वं! बाहेर ये! बाहेर निंघ!"

बाबा कंबर धरून तिच्या मागे पळाले. मी आणि मुश्ताक धावलो. पोट्टे जागच्या जागी उभे राहिले. एकाच्या हातात पेटलेली अगरबत्ती तशीच होती. मुश्ताकनं आणि मी आईला रस्त्याच्या कडेला धरलं. ती आमच्या हातातून सुटायला बघत होती, तिच्यात कुठून एवढं बळ आलं कोण जाणे. बाबा त्या पोरांसमोर हात जोडून उभे होते.

"फोडू नका गा बाबू. नका फोडू."

"काका, रॉकेट गेलं म्हणून..." एक जण घाबरत म्हणाला.

"माहीत आहे गा. चांगलंच झालं. पण नका फोडू."

पोरांनी फटाके खाली टाकले, चपलेनं वाती विझवल्या आणि एकेक करून निघून गेली. आम्ही आईला घरी आणून ओट्यावर बसवलं. तिच्या टाचेत काच गेली होती, तिला कळलं नव्हतं. आमची गल्ली अगदी शांत झाली. पण पुलापलीकडे, कामठीकडे, सगळीकडे लोक आनंदात होते. तिथून आवाज येतच राहिले, लांबून, थांबून थांबून, अंधार पडेपर्यंत. प्रत्येक आवाजाला आई उठू पाहायची, आणि प्रत्येक वेळी बाबा तिचे कान आपल्या दोन्ही हातांनी झाकून धरायचे. तिकडे जाऊन आम्ही कोणाकोणाला सांगणार होतो?